माझा नाटकाशी काडीचा संबंध नाही. दहा शाळांच्या शिक्षकांसाठी असलेल्या नाट्यशिबिराला जाऊन भूगोलाच्या तासात काही फरक पडेल का?

जा. तुम्ही लिहिलंय की अनोळखी शिक्षकांसमोर हसं होईल अशी भीती वाटते. मलाही तीच होती, म्हणून सविस्तर लिहितो.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. तिसरी-चौथी माझ्याकडे, पहिली-दुसरी पलीकडच्या खोलीत बाईंकडे. डी.एड.चे सराव पाठ संपल्यापासून मी दुसऱ्या कुणाला शिकवताना पाहिलंच नव्हतं. गवई एकमेकांच्या मैफलीला जाऊन बसतात, आपण मात्र वर्गाचं दार लावून घेतो. शिक्षण परिषदेत भेटी होतात, पण तिथे जो तो यशस्वी उपक्रमच सांगतो. फसलेल्या तासाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

मी गेलो होतो त्या शिबिराच्या दुसऱ्या दिवशी आम्हाला नेमकं तेच करायला लावलं. तुमचा फसलेला एक तास घ्या, पण सांगू नका, करून दाखवा. मी भागाकाराचा घेतला. वर्गात एक मुलगा कधीच बोलायचा नाही. त्याची भूमिका घेतली ऊसतोड कामगारांची मुलं शिकवणाऱ्या एका बाईंनी. तास संपल्यावर त्यांना त्याच मुलाच्या भूमिकेत खुर्चीवर बसवलं आणि आम्ही प्रश्न विचारू लागलो. बोलत का नाहीस? त्या मान खाली घालून म्हणाल्या, "गुरुजी विचारतात आणि मी तोंड उघडायच्या आत दुसऱ्या पोराकडे वळतात."

मग त्यांनी तोच पाठ घेतला आणि मी तो मुलगा झालो. बाईंनी प्रश्न विचारला, माझ्या शेजारी मांडी घालून बसल्या आणि थांबल्या. मुलाच्या जागेवरून ती शांतता किती मोठी वाटते आणि तिच्यात उत्तर कसं हळूहळू जमू लागतं, ते मला तिथे कळलं. कुणी व्याख्यानात सांगितलं असतं तर मी वहीत उतरवून घेतलं असतं, आणि वही कपाटात गेली असती.

हे माझ्या शाळेतल्या बाईंबरोबर झालं नसतं. त्या मला आणि त्या मुलाला ओळखतात, मला वाईट वाटू नये म्हणून सांभाळून घेतात. परक्या शाळेतला शिक्षक आपल्या वर्गातली मुलं मनात घेऊन येतो. दिवाळीनंतर टोळीबरोबर येणारी, पट्टा पडला, म्हणजे साखर कारखान्याचा हंगाम संपला, की निघून जाणारी, दोन शाळांत अर्धी-अर्धी शिकलेली मुलं त्या बाईंनी वर्षानुवर्षं पाहिली होती. ती सगळी त्या खुर्चीवर बसली होती. म्हणून तुमच्या शिबिरात दहा शाळा आहेत ही अडचण समजू नका, खरा लाभ तोच आहे.

डोंगरातल्या शाळेच्या एका सरांकडून मी आणखी एक गोष्ट उचलली. चौथीला शिवछत्रपती शिकवताना ते रायगडावरचे कोठीवाले होऊन वर्गात येतात. राज्याभिषेक तोंडावर, पाहुणे हजारोंनी येणार, गंगासागर तलावातून किती घागरी पाणी काढायचं? मुलं हिशेब मांडतात, चुकतात, भांडतात. १६७४ हे साल मग पाठ करून घ्यावं लागत नाही. शिक्षकाने स्वतः पात्र होऊन मुलांची मदत मागायची ही रीत इंग्लंडच्या डोरोथी हीथकोट यांनी रुजवली. चौदाव्या वर्षी शाळा सोडून लोकरीच्या गिरणीत कामाला लागलेल्या या बाई पुढे न्यूकॅसल विद्यापीठात शिक्षकांना शिकवत होत्या. यात अभिनय जवळजवळ लागत नाही. खांद्यावर उपरणं टाकलं आणि आवाज थोडा बदलला की मुलं लगेच मानतात.

तुमच्या विषयात तर याला भरपूर वाव आहे. धरणं शिकवताना अर्धा वर्ग कोयनेचे अभियंते करा, अर्धा वर्ग शिवसागर जलाशयात बुडणाऱ्या गावचे लोक करा, आणि तुम्ही निरोप घेऊन आलेले तलाठी व्हा. शेत कुठं मिळणार, देवळातला देव कुठं न्यायचा, असे प्रश्न मुलंच काढतील.

पण प्रत्येक शिबिर असं नसतं. मी गेलेल्या एका ठिकाणी तीन दिवस स्नेहसंमेलनाच्या नाटुकल्या बसवून घेतल्या आणि शेवटी परीक्षकांनी क्रमांक काढले. सगळे आपापल्या शाळेचे गट करून बसले, जिंकायच्या नादात कुणी कुणाकडून काही घेतलं नाही. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण तिथे फार चांगले शिक्षक होते. म्हणून आयोजकांना आधीच दोन गोष्टी विचारा. एकाच शाळेचे शिक्षक वेगवेगळ्या गटांत असतील ना? मुख्याध्यापक किंवा अधिकारी नुसते बघायला बसणार नाहीत ना? ते आले तर त्यांनीही भूमिका घ्यायची. खुर्चीत बसून बघणारा एक माणूस असला की कुणीही फसलेला तास बाहेर काढत नाही.

हसं व्हायचं म्हणाल, तर पहिल्या सकाळी सगळेच अवघडलेले असतात. दुपारच्या चहापर्यंत ते जातं. परत आलात की तिथे भेटलेल्यांपैकी किमान एकाचा नंबर जवळ ठेवा. त्या ऊसतोडवाल्या बाईंना मी अजून फोन करतो. गेल्या महिन्यात त्या शनिवारच्या सकाळच्या शाळेला माझ्या वर्गात येऊन मागे बसल्या. मधल्या सुट्टीत म्हणाल्या, "आता थांबता, पण थांबल्यावर त्याच्याकडे टक लावून बघू नका." सोमवारपासून मी प्रश्न विचारला की फळ्याकडे बघतो.