भाड्याच्या छोट्या घरात बायकोला माहेरचा झोपाळा लावायचाय. तिची समजूत कशी घालू?

तुमचा प्रश्न सकाळी डबा भरता भरता वाचला आणि दिवसभर डोक्यातून गेला नाही, म्हणून लिहितेय. लग्नाला सात महिने झालेत, बडोद्यात वासणा रोडला दोन बेडरूमचा भाड्याचा फ्लॅट आहे, तुम्ही ठाण्याचे आणि बायको बडोद्याची. तिला माहेरचा सागवानी झोपाळा हॉलमध्ये लावायचाय, तुम्हाला तिथे एल आकाराचा सोफा हवाय. "झोपाळा निम्मा हॉल खातो, पाहुणे आले तर बसायचे कुठे, तिला हे पटवू कसे?" असं तुम्ही विचारलंय.

पटवू नका. झोपाळा आणा.

आमचं लग्न २०२३ च्या डिसेंबरातलं. नवरा साताऱ्याचा, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, जीआयडीसीत, नोकरीला. मी दांडिया बाजारची, जन्मापासून बडोद्यातली. पहिले सहा महिने त्याच्या लग्नाआधीच्या खोलीतच काढले आणि २०२४ च्या जूनमध्ये मुजमहुड्याच्या बाजूला एक बैठं टेनामेंट भाड्याने घेतलं. हॉल दहा बाय चौदा. आत पाऊल टाकल्या टाकल्या माझं लक्ष वर गेलं. स्लॅबमध्ये चार कड्या होत्या. बांधतानाच सोडलेल्या, चुन्याने माखलेल्या. बडोद्यात वाढलेल्या माणसाला त्या कड्या दिसल्या की घर पसंत पडतं, तुमच्या बायकोला विचारून बघा.

आमचा झोपाळा आजोबांनी संखेड्याहून आणलेला. संखेडा बडोद्याहून पन्नासेक किलोमीटरवर आहे, तिथल्या खराद्यांचं, म्हणजे लाकूड कातणाऱ्या कारागिरांचं, काम तुम्ही बघितलं नसेल तर एका रविवारी बायकोला घेऊन जाच. सागाचे दांडे खरादावर फिरवतात, त्यावर कथलाच्या रंगाने हाताने नक्षी काढतात, ती अकिकाच्या दगडाने घासून चमकवतात आणि मग वर लाख चढवतात. लाख पसरवायला केवड्याचं पान वापरतात. कथलाची ती चंदेरी नक्षी लाखेखालून सोन्यासारखी दिसते. आमच्या झोपाळ्याच्या पाठीवर ती अजून तशीच आहे, फक्त उजव्या हाताशी आजीचा अंगठा जिथे टेकायचा तिथे लाख उडून लाकूड उघडं पडलंय. दांडिया बाजारचं घर बाबांनी काढलं, तेव्हा त्यांच्या नव्या फ्लॅटमध्ये तो मावेना. वर्षभर काकांच्या माळ्यावर गोधड्यांखाली पडून होता. मी म्हटलं, आता माझं घर झालंय, मी नेते.

नवरा म्हणाला, "अगं, घर आहे हे, वाडा नाही." पुढे तुम्ही लिहिलंय तेच, जवळजवळ शब्दाला शब्द. पाहुणे, जागा, सोफा. आणि शेवटी म्हणाला, "हॉलच्या मधोमध तुझ्या माहेरचं सामान टांगलं तर या घरात माझं काय राहिलं?"

मी तेव्हा गप्प बसले. रात्री उठून पाणी प्यायला गेले आणि दिवा लावून घर नीट बघितलं. बेडरूममधलं लोखंडी गोदरेज कपाट त्याच्या आईचं. देव्हारा त्याच्या घरचा, त्यातला टाकही त्यांच्या कुलदैवताचा. मागच्या चौकात तांब्याचा बंब होता, गीझर असताना कधी पेटणार नव्हता, पण आजेसासूबाईंचा म्हणून साताऱ्याहून टेम्पोत घालून आणलेला. त्याची सायकल, त्याच्या वडिलांची कागदपत्रांची पत्र्याची पेटी. यातल्या एकाही वस्तूला कोणी "साताऱ्याचं सामान" म्हटलं नव्हतं. मीही नाही. ते सगळं "आपलं" होतं. माझा एक झोपाळा तेवढा "माहेरचा".

तुम्हीही प्रश्नात तीनदा "माहेरचा झोपाळा" लिहिलंय. मी मोजलंय. तुमच्या घरात ठाण्याहून काय काय आलंय त्याची यादी करा आणि त्यातल्या कशाकशासाठी बायकोची परवानगी काढली होती ते आठवा. माझी खात्री आहे, एकाहीसाठी नाही.

असो. आमच्याकडे मोठी माणसं मध्ये पडली आणि समेट झाला, तोही असा की झोपाळा लागला, पण त्याच्यासमोर हप्त्यांवर सोफाही आला. मागे भिंत, पुढे सोफा. झोपाळा जेमतेम वीतभर हलायचा. जुलैभर मी त्यावर बसून भाजी निवडली ती पाय जमिनीला टेकवून. सासूबाई येऊन गेल्या, सोफ्यावर बसल्या, नणंदेने फोनवर विचारलं, "अजून लटकतोय का तो?" एकाच घरात राहायला आलेली दोन माणसं अशी राहायला लागली की भांडण होत नाही, पण घरही होत नाही.

मग ऑगस्ट आला. २६ तारखेला गोकुळाष्टमी होती. दिवसभर पाऊस, संध्याकाळी वीज गेली. बडोद्याला पाऊस नवा नाही, २०१९ मध्ये ३१ जुलैला एका दिवसात जवळजवळ वीस इंच पडलेला मी बघितलाय. पण नदीकाठच्या बैठ्या घरात मी तेव्हा राहत नव्हते. आजव्याच्या तलावाचं पाणी विश्वामित्री नदीत येत होतं आणि तिची धोक्याची पातळी पंचवीस फूट. पुढच्या दोन दिवसांत पाणी पस्तीस फुटांच्याही वर गेलं.

पहाटे चारच्या सुमारास शेजारच्या बेन ओरडल्या, "उठो, पाणी आवी गयुं!" अंगणात अजून ओट्याखाली होतं. घरात पाणी दारातून आलंच नाही, आधी न्हाणीच्या जाळीतून वर आलं. गढूळ, तेलकट, झुरळं घेऊन. नवरा मोरीत चिंध्या कोंबत होता, मी बॅटरी धरून उभी होते, आणि माझी बॅटरी झोपाळ्यावर गेली.

आमच्या झोपाळ्याच्या साखळ्या पितळेच्या आहेत, फूटफूटभर लांब सळ्या एकमेकींत अडकवलेल्या, मध्ये हत्ती आणि मोर. एक सळी काढली की फळी एक फूट वर जाते. आजी पावसाळ्यात अशीच सळ्या काढून झोपाळा वर घ्यायची, घर गळायचं तेव्हा. मी स्टुलावर चढले. नवऱ्याने फळीची एक बाजू खांद्यावर घेतली, मी त्या बाजूच्या दोन्ही साखळ्यांतून दोन दोन सळ्या काढल्या. मग दुसरी बाजू. दहा मिनिटं लागली असतील. फळी जमिनीपासून दीड फुटावर होती, ती साडेतीन फुटांवर गेली.

मग त्या फळीवर आम्ही आमचं घर चढवलं. पिठाचा डबा, तांदळाचा डबा, शेगडी, मिक्सर, दोन गाद्यांच्या गुंडाळ्या, माझं शिलाई मशीन, लग्नाच्या साड्यांची बॅग, आणि त्याच्या वडिलांची ती पत्र्याची पेटी, ज्यात गावच्या जमिनीचे सातबारे आणि जुनी खरेदीखतं होती. पेटी त्यानेच आणून ठेवली. वरून प्लास्टिकचं टेबलक्लॉथ झाकलं, दोरीने बांधलं. सोफा उचलायचा प्रयत्न केला, पण ठेवणार कुठे? उजाडता उजाडता शेजारच्या बेनच्या वरच्या मजल्यावर गेलो. पाण्यात पायाने चाचपडत जाऊ नका, काठी आपटत चला, असं त्या सारखं सांगत होत्या. विश्वामित्रीत मगरी आहेत हे तुम्हाला इथे आल्यापासून कोणीतरी सांगितलंच असेल. त्या आठवड्यात त्या रस्त्यांवर आणि सोसायट्यांतही निघाल्या होत्या.

दोन रात्री वर काढल्या. एकोणतीसला दुपारी पाणी उतरलं तेव्हा खाली आलो. दार फुगलेलं, ढकलून उघडावं लागलं. भिंतीवर चहूबाजूंनी चिखलाची रेघ होती, टेपाने मोजली, तीन फूट दोन इंच. झोपाळ्याची फळी त्या रेघेच्या चार बोटं वर. टेबलक्लॉथवर पालीची दोन पिल्लं बसलेली. आतलं पीठ कोरडं, गाद्या कोरड्या, पेटी कोरडी. सोफ्याचा प्लाय पुरीसारखा फुगला होता आणि त्याला असा वास येत होता की सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो रस्त्याकडेला इतरांच्या सोफ्यांबरोबर टाकला. हप्ते पुढचे सात महिने चालले. कपाटाच्या खालच्या खणातले माझे कॉलेजचे सर्टिफिकेट गेले, ते झोपाळ्यावर ठेवायचं सुचलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

आता इथे कुणी म्हणेल, बघा, पुराने सिद्ध केलं. नवरा तर म्हणतोच, "पूर आला म्हणून तू बरोबर ठरत नाहीस." हे मात्र त्याचं खरं आहे. पुरामुळे मी बरोबर ठरले नाही. मी जूनमध्येच बरोबर होते. तो झोपाळा एकही डबा न वाचवता नुसता लटकत राहिला असता, तरी या घरात त्याला जागा असायला हवी होती, कारण मी या घरात राहते. हे मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. पाऊण वर्ष होऊन गेलं, त्याने म्हटलेलं नाही. रोज संध्याकाळी कामावरून आला की चहा घेऊन त्यावर बसतो, पायाने रेटा देतो, गेल्या महिन्यात सासरे आले तर त्यांना स्वतः हत्ती-मोर दाखवत होता, "आपला झोपाळा" म्हणाला. मी स्वयंपाकघरातून ऐकलं. पण ते मला म्हटलेलं नव्हतं.

तुम्ही तुमच्या बायकोला म्हणा. आता सात महिने झालेत तेव्हाच म्हणा, वर्ष घालवू नका.

पाहुण्यांचा प्रश्न राहिला. पाहुणे महिन्यातून कितीदा येतात? साडेपाच फुटांच्या झोपाळ्यावर तीन माणसं आरामात बसतात, बाकीच्यांना चार खुर्च्या आणि एक सतरंजी पुरते. आमच्याकडे शेजारच्या बेन लीलो चेवडो घेऊन येतात त्या खुर्ची सोडून झोपाळ्यावरच बसतात. जागेचं म्हणाल तर एकदा टेप घेऊन बसा. फळीची रुंदी दोन फूट धरा, पुढे अडीच आणि मागे अडीच फूट मोकळं ठेवा, म्हणजे सात फूट. बाजूंना हात चेपणार नाही इतकी, वीत दीड वीत. हॉल दहा फुटी असला तरी बसतं. टीव्हीच्या समोर लावू नका, बघणाऱ्याला चक्कर येते. खिडकीला काटकोनात लावा.

आता दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. तुमचा फ्लॅट आहे, टेनामेंट नाही. स्लॅबमध्ये सोडलेल्या कड्या असतील तरच छताला टांगा, आणि त्याही जुन्या असतील तर माहितगार मिस्त्रीकडून तपासून घ्या, गंजलेली कडी बाहेरून कळत नाही. कड्या नसतील तर ड्रिल मारून बोल्ट ठोकू नका, कोणी कितीही "काही होत नाही" म्हटलं तरी. झोका घेताना जोर नुसत्या वजनापेक्षा जास्त येतो आणि तो रोज, दोन्ही बाजूंनी येतो. अशा वेळी लोखंडी स्टँड करून घ्या, घर बदललं तरी बरोबर येतो, मात्र तो जागा जास्त खातो, तेव्हा सात फुटांचे आठ धरा. घरमालकाला आधी विचारा. खाली कोणी राहत असेल तर स्टँडच्या पायांखाली रबर घाला, रात्री दहानंतर झोका बंद.

दुसरं म्हणजे तुमच्या बायकोचा झोपाळा लाखेचा असेल तर ओल्या फडक्याने पुसू नका, कोरड्या मऊ फडक्याने पुसा. आमचा पुरानंतर दमट हवेने पाठीवर जरा पांढरट झालाय, तो एकदा संखेड्याला नेऊन दाखवायचाय. साधा पॉलिशचा सागवानी असेल तर काळजी नाही.

आणि कड्या करकरल्या की खोबरेल घालू नका, सगळे घालतात. ते थंडीत गोठतं आणि त्यावर धूळ बसून काळा चिकटा होतो. शिलाई मशीनचं तेल घ्या, प्रत्येक जोडावर एक थेंब, आणि खाली दोन दिवस वर्तमानपत्र अंथरून ठेवा.