पंचमीचा झोका

सई,

काल तू विचारलंस, "महिला दिनाची आम्हाला सुट्टी. आजीच्या गावाला पण असते का गं?" मी "नाही" म्हणाले आणि ताटं विसळत राहिले. उत्तर अर्धवट राहिलं, म्हणून लिहिते.

८ मार्चची सुट्टी बर्लिनला २०१९ पासून मिळते, सगळ्या जर्मनीत तीही नाही. रशियात मात्र ती जुनी. १९१७ मध्ये याच दिवशी पेट्रोग्राडच्या गिरणीतल्या बाया भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या, आणि आठवड्याभरात झारला गादी सोडावी लागली. तुझ्या वर्गातल्या इटलीच्या मुलीने आणलेली पिवळी मिमोसाची फुलं तिकडे १९४६ पासून बायांना देतात. मला तर बघून हसूच आलं. आपल्या बाभळीची चुलत बहीणच ती! आपल्याकडे बांधावरच्या बाभळीकडे कोण ढुंकून बघतं?

आता आजीचं गाव. तिथे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. घरात दोन दोन देव्या येतात, सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील होते. तो मान देवीचा. बाया पहाटेपासून चुलीपुढे.

बायांचा म्हणावा असा सण म्हणजे पंचमी, श्रावणातली नागपंचमी. त्या दिवशी विळी धरायची नाही, तवा ठेवायचा नाही, शेतात नांगर घालायचा नाही. म्हणून मग उकडलेले दिंड. (ते लाटायचे बायांनीच. सुट्टी तव्याला!) सासरच्या लेकीला आणायला भाऊ मुराळी म्हणून जायचा. मामा तुझ्या मावशीला एसटीने आणायचा, पिशवीत लाह्या घेऊन. वारुळाला जाऊन आलं की कडुलिंबाच्या झाडाला झोका.

आमच्या शेजारी एक काकू होत्या, काका वारलेले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांना कुणी बोलवायचं नाही, मी बघायचे. पंचमीला मात्र त्या दोरीला हात घालून फळीवर उभ्या राहायच्या, पदर खोचून. एकीने बसायचं, काकूंनी उभ्याने झोका चढवायचा. इतका उंच की खालच्या बाया ओरडायच्या, "बास करा गं!" त्या काही थांबायच्या नाहीत. आजी दर खेपेला त्यांच्यासोबत बसायची. का, ते तिलाच फोनवर विचार.

तो लिंब आता नाही. पत्र्याच्या शेडच्या अँगलला दोर बांधतात.

तुझी,
आई