भाडं थकलंय, मालक घर सोडा म्हणतायत: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

ही पत्रं जून 2021 मधली. कोविडच्या दुसऱ्या लाटेने त्या वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा सगळं बंद पाडलं होतं. 7 जूनपासून पाच स्तरांच्या नियमांनुसार थोडं थोडं उघडत होतं, पण थकलेलं भाडं तसंच उभं होतं. त्या दोन महिन्यांत आलेली बहुतेक पत्रं याच एका काळजीची. त्यातली काही नावं-पत्ते गाळून इथे घेते. ज्यांची पत्रं राहिली त्यांनाही यात आपलं उत्तर सापडावं, अशा बेताने निवडली आहेत.

प्रश्न: आम्ही तिघे मित्र परभणी जिल्ह्यातले. पुण्यात सदाशिव पेठेत खोली घेऊन एमपीएससीचा अभ्यास करत होतो. भाडं महिना साडेसात हजार, डिपॉझिट पंधरा हजार, करार वगैरे काही नाही, सगळं तोंडी. मार्च 2020 मध्ये गावी आलो ते ऑगस्टपर्यंत परतता आलं नाही. मालक पाच महिन्यांचे साडेसदतीस हजार मागतात आणि तोवर पुस्तकं, गाद्या, एकाचा लॅपटॉप देणार नाही म्हणतात. लॉकडाऊनचं भाडं सरकारने माफ केलं होतं ना?

नाही, माफ केलं नव्हतं. हा गैरसमज इतका पसरलाय की आधी तोच दूर करायला हवा. त्या वेळी दोन कागद निघाले. 29 मार्च 2020 ला केंद्रीय गृह मंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढला: कामगारांकडून, त्यात स्थलांतरितही आले, एक महिना भाडं मागू नका, आणि कामगारांना किंवा विद्यार्थ्यांना घर सोडायला भाग पाडलं तर कारवाई होईल. मग 17 एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सूचना केली की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला आणि भाडं थकलं म्हणून कुणाला बाहेर काढू नका. दोन्ही नीट वाचा. 'मागू नका', 'पुढे ढकला' असं आहे. 'सोडून द्या' असं कुठेही नाही. दिल्ली उच्च न्यायालयानेही मे 2020 मध्ये खान मार्केटमधल्या एका दुकानाच्या प्रकरणात सांगितलं की करारात तशी तरतूद नसेल तर जागा ताब्यात ठेवून भाडं थांबवता येत नाही. तुमचं सामान खोलीत होतं, म्हणजे खोली तुमच्याकडे होती असंच मालक म्हणणार.

मात्र सामान अडकवून ठेवणं ही वेगळी गोष्ट. भाडं वसूल करायचं तर त्यांनी न्यायालयात जावं. स्वतःच कुलूप लावून पुस्तकं आणि लॅपटॉप ताब्यात ठेवायची मुभा घरमालकाला नाही. 2020 मध्ये पेठांमधल्या किती मुलांच्या नोट्स अशा अडकल्या हे मी जवळून पाहिलंय. परीक्षा एकदा नाही, अनेकदा पुढे गेली. मार्च 2021 मध्ये तर तीन दिवसांवर आलेला पेपर पुढे ढकलला म्हणून मुलं रस्त्यावर उतरली. अशा वर्षात अभ्यासाचं साहित्य दाबून ठेवणं क्रूर आहे, आणि मालकांना ते तोंडावर सांगायला हवं.

आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय असा करार नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं. ते खोटं असल्याचं दाखवायचं तर मालकाने पुरावा द्यायचा. हे धमकावण्यासाठी वापरू नका. बोलणी बरोबरीच्या पायावर व्हावीत म्हणून माहीत असू द्या.

माझा सल्ला असा: पंधरा हजारांचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यात वळतं करा, उरलेल्या तीन महिन्यांचं निम्मं, म्हणजे सव्वाअकरा हजार, तिघांत मिळून तीन हप्त्यांत द्यायची तयारी दाखवा, आणि पहिला हप्ता देताना सामान ताब्यात घ्या. हे फोनवर बोलू नका, व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. नकार आला तर त्याच मेसेजची प्रत जोडून जवळच्या पोलीस ठाण्यात सामानाच्या यादीसह लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

प्रश्न: आम्ही डोंबिवलीत लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवाना करारावर, राहतो. मिस्टर ठाण्यात हॉटेलात कॅप्टन आहेत, एप्रिलपासून निम्मा पगार, तोही उशिरा. अडीच महिन्यांचं भाडं राहिलंय. करार 31 जुलैला संपतो. मालक म्हणतात आजच निघा, नाहीतर पाणी बंद करतो. दोन लहान मुलं आहेत मॅडम, कुठे जाऊ?

आज कुठेही जायचं नाही. भाडं थकलं तर करार रद्द करण्याचं कलम बहुतेक करारांत असतं, पण त्यासाठी ठरलेल्या मुदतीची लेखी नोटीस लागते. इंडेक्स टूसोबत, म्हणजे नोंदणीच्या उताऱ्यासोबत, मिळालेली कराराची प्रत काढा आणि ते कलम वाचा. नोटिशीनंतरही तुम्हाला हाताला धरून बाहेर काढता येत नाही. त्याला सक्षम प्राधिकाऱ्याचा, म्हणजे भाडे कायद्याखाली अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचा, आदेश लागतो. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2021 पासून घर खाली करून घेण्याच्या आदेशांच्या अंमलबजावणीला तात्पुरता आवर घातला होता.

पाण्याचं म्हणाल तर भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 29 भाडेकरूचं वीज-पाणी तोडायला मनाई करतं. लायसन्सवर राहणाऱ्याला ते कलम लागू पडतं का, यावर समोरचा वकील वाद घालेल. म्हणून त्या वादात न शिरता, धमकी आली त्या दिवसाच्या तारखेसह पोलिसांना आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी कळवून ठेवा. तुम्ही महिला आहात, त्यामुळे उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. 15100 वर फोन करा.

आता कटू भाग. 31 जुलै ही तारीख खरी आहे. मुदत संपल्यावर करार न वाढवता राहिलात तर त्याच कायद्याच्या कलम 24 खाली दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते, आणि तिथे न्यायालय सहसा दया दाखवत नाही. म्हणून उरलेले सहा आठवडे भांडणात घालवू नका.

पैशाची एक वाट 2021 मध्ये होती. मिस्टरांचा पीएफ कापला जात असेल तर 31 मे 2021 रोजी पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओने दुसऱ्यांदा कोविड आगाऊ रक्कम काढायला परवानगी दिली होती. तीन महिन्यांचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, किंवा खात्यातल्या रकमेच्या 75 टक्के, यातलं जे कमी ते मिळत होतं. समजा मूळ वेतन नऊ हजार आणि खात्यात चाळीस हजार आहेत: एका हिशेबाने सत्तावीस, दुसऱ्याने तीस, मिळाले असते सत्तावीस हजार. 2020 मध्ये काढले असतील तरी चालत होतं, आणि परत भरायचे नव्हते. म्हातारपणाची पुंजी आहे, हे माहीत असूनही सांगते, कारण डोक्यावरचं छप्पर आज लागतंय.

मालकांना असं काहीतरी लिहा: "दादा, नमस्कार. मे महिन्याच्या भाड्यापैकी 4,000 रुपये आज गूगल पेने पाठवले. एप्रिलचं पूर्ण आणि मेचं उरलेलं भाडं पीएफचे पैसे आले की 10 जुलैपर्यंत देतो. जूनचं भाडं निम्मं 20 तारखेला आणि निम्मं पगार झाल्यावर. करार पुढे अकरा महिने वाढवायचा आहे. कृपया ओके कळवा." त्या 'ओके'चा स्क्रीनशॉट जपून ठेवा. आणि दिलेल्या वेळा पाळा, कारण एक जरी चुकली तरी मालकांचा विश्वास उडेल.

प्रश्न: केंद्राचा नवा भाडे कायदा आला म्हणे. आता दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येणार नाही का?

2 जून 2021 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केला तो आदर्श भाडेकरार कायदा, म्हणजे राज्यांसाठी नमुना. त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या डिपॉझिटची मर्यादा आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो इथे लागू होत नाही. महाराष्ट्रात अजून 1999 चाच कायदा.

प्रश्न: मी सांगलीत कोविड वॉर्डात नर्स आहे. सोसायटीने मालकांवर दबाव आणला आणि त्यांनी आठ दिवसांत खोली सोडायला सांगितली. भाडं एक दिवसही थकलेलं नाही. जिन्यात मला बघून लोक दारं लावतात.

तुमचं पत्र वाचून फार वाईट वाटलं. भाड्याच्या कायद्याआधी दुसरा कायदा तुमच्या पाठीशी आहे. 22 एप्रिल 2020 ला वटहुकूम निघाला आणि सप्टेंबरमध्ये संसदेने साथरोग कायद्यात दुरुस्ती केली. त्यात आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या 'हिंसाचारा'ची व्याख्या मारहाणीपुरती ठेवलेली नाही. राहण्याच्या किंवा कामाच्या जागी त्रास देऊन त्यांचं काम अडवणंही त्यात येतं. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. शिक्षा तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत, दंड पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत. तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने तीस दिवसांत पुरा करायचा असतो.

तुमच्या रुग्णालयाच्या मेट्रनमार्फत (मुख्य परिचारिकेमार्फत) अधीक्षकांचं पत्र सोसायटीला पाठवायला सांगा, त्यात या तरतुदीचा उल्लेख हवा. बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर प्रकरण थांबतं. मालकांशी वेगळं बोला. कदाचित ते स्वतः घाबरलेले असतील. थांबलं नाही तर एकट्या पोलीस ठाण्यात जाऊ नका, परिचारिका संघटनेच्या प्रतिनिधींना सोबत घ्या. आणि त्या सोसायटीतलं कुणी हे वाचत असेल तर एवढंच म्हणते: तुमच्या घरातल्या माणसाचा ऑक्सिजन रात्री तीन वाजता हीच बाई तपासणार आहे.

प्रश्न: मी नाशिकची, वय 68. यजमान गेले, पेन्शन नाही. मागच्या दोन खोल्यांच्या भाड्यावर घर चालतं. भाडेकरूंचा मेसचा धंदा बुडाला, आठ महिने एक पैसा नाही. करार 2019 चा, अकरा महिन्यांचा, पुढे केलाच नाही. सगळे भाडेकरूंचीच बाजू घेतात. आमचं काय?

तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे, काकू. सरकारने वसुली पुढे ढकलायला सांगितली, पण मधल्या काळात तुमच्यासारख्यांनी कशावर जगायचं हे कुणी सांगितलं नाही. एप्रिल 2020 ची ती सूचना तीन महिन्यांची होती. आज तिच्या आधारे कुणी आठ महिने भाडं अडवू शकत नाही.

मुदत संपलेल्या करारावर तुम्ही सक्षम प्राधिकाऱ्याकडे जागा परत मिळावी म्हणून अर्ज करू शकता. आदेशाची अंमलबजावणी 2021 मध्ये रखडत होती, अर्ज करायला मात्र अडचण नाही. त्याआधी रजिस्टर्ड पोस्टाने एक साधी नोटीस पाठवा: कोणत्या महिन्याचं किती बाकी आणि किती दिवसांत हवं. सामान बाहेर काढणं, मीटर काढून घेणं हे चुकूनही करू नका, उद्या तेच तुमच्यावर उलटेल.

पण खरं सांगू का, मेस पुन्हा सुरू होईल अशी चिन्हं असतील तर तडजोड तुमच्या फायद्याची. साथीच्या काळात रिकाम्या खोल्यांना भाडेकरू मिळणं कठीण असतं. जूनपासून चालू भाडं पूर्ण आणि थकबाकीचा दरमहा एक ठरलेला हप्ता, असं स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या, आणि नवा करार मात्र नोंदवाच. भाडेकरूंना पंतप्रधान स्वनिधी या फेरीवाल्यांसाठीच्या कर्ज योजनेबद्दलही सांगा. मेससोबत त्यांची हातगाडी असेल तर खेळतं भांडवल आणि व्याजात सात टक्के सवलत मिळू शकते. त्यांचा धंदा उभा राहिला तरच तुमचं भाडं येईल.

प्रश्न: मुलगा न्यू जर्सीत आहे. तो म्हणतो तिकडे सरकार लोकांचं भाडं भरतं. आपल्याकडे का नाही?

तिकडे डिसेंबर 2020 च्या कायद्याने 25 अब्ज डॉलर आणि मार्च 2021 मध्ये आणखी सुमारे साडेएकवीस अब्ज डॉलर भाड्यासाठी ठेवले. पैसे बहुधा थेट घरमालकाला जात. म्हणजे भाडेकरू टिकायचा आणि मालकही उपाशी राहायचा नाही. वाटप मात्र तिथेही फार रेंगाळलं. आपल्याकडे दिल्लीच्या मुख्यमंत्र्यांनी 29 मार्च 2020 ला पत्रकार परिषदेत जाहीर केलं होतं की गरीब भाडेकरूला जमलं नाही तर भाडं सरकार भरेल. पैसे आले नाहीत. काही भाडेकरू त्यासाठी उच्च न्यायालयात गेले होते. आपल्याकडे योजना झालीच, तर ती मालकाच्या खात्यात भाडं भरणारी असावी, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न: आई चेंबूरला घरकाम करते. पाच घरं होती, आता एकच उरलंय. गोवंडीत भाड्याच्या खोलीत राहतो, मालकीण दर महिन्याला रोख घेते, पावती नाही. आम्हाला भाड्यासाठी कुठून मदत मिळेल?

भाडं म्हणून थेट पैसे देणारी योजना राज्यात नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. इतर खर्च कमी करून भाड्याला पैसे उरवणं एवढंच हातात आहे. केंद्राचं माणशी पाच किलो मोफत धान्य त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत मिळेल असं 7 जून 2021 ला जाहीर झालं होतं. रेशनकार्ड गावाकडचं असेल तरी ते चालू आणि आधारशी जोडलेलं असेल तर मुंबईच्या दुकानातूनही अंगठा लावून धान्य घेता येतं. दुकानदार नाही म्हणाला तर शिधावाटप कार्यालयात तक्रार करा. शिवभोजन थाळी एप्रिल 2021 पासून काही महिने मोफत होती.

एप्रिल 2021 च्या निर्बंधांच्या वेळी राज्याने घरकामगारांना 1,500 रुपये जाहीर केले, पण ते नोंदणी असलेल्यांनाच. आईची नोंदणी नसेल तर आत्ता करा, पुढच्या वेळी नाव यादीत हवं. वय 18 ते 60 लागतं. कामगार आयुक्त कार्यालयात आधार, फोटो, बँकेचं पासबुक आणि काम देणाऱ्या बाईंचं सही केलेलं प्रमाणपत्र घेऊन जा. काम सुटलेल्या चार घरांपैकी कुणी ते देत असेल तर तेही घ्या.

पावतीसाठी मालकिणीशी भांडू नका, पण भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 26 नुसार भाड्याची पावती हा भाडेकरूचा हक्क आहे. दोनशे पानी वही घ्या. तारीख, कोणत्या महिन्याचं, किती दिले, किती बाकी, असे चार रकाने पाडा आणि शेवटी मालकिणीची सही किंवा अंगठा घ्या. मेचं निम्मंच दिलं असेल तर तेही लिहा. खोली सोडायला सांगितलं तर आईने, वर डोंबिवलीच्या ताईंना दिलाय त्याच 15100 वर फोन करायचा, वही हाताशी ठेवून.