रनिंग बोर्डचं रबर पहिल्याच पावसाळ्यात का सुटतं, आणि नवा बोर्ड करताना काय पाहावं

तुमचा प्रश्न असा आहे: १९३० च्या दशकातल्या सेडानचे मूळ रनिंग बोर्ड (दाराखालच्या पायऱ्या) गंजून गेले. गेल्या वर्षी १८ गेजच्या पत्र्याचे नवे करून घेतले, त्यावर धारीदार रबर मॅट चिकटवली. पहिल्या पावसाळ्यातच मॅट पुढच्या टोकाकडून सुटली, आणि पाय दिला की बोर्ड मधोमध दबतो. आता पुन्हा करायचाय, तर रबर व्हल्कनाइझ करून (दाब-उष्णतेने पत्र्यावर पक्कं जोडून) घ्यावं की चांगलं सोल्युशन वापरून चिकटवावं?

सोल्युशनचा विचार थोडा बाजूला ठेवा. तुमच्या बोर्डात दोन दोष होते आणि दोन्ही रबराच्या खाली होते. एक, पत्रा वाकत होता. दोन, रबराची कड उघडी होती. या दोन गोष्टी तशाच ठेवून कितीही महागडं सोल्युशन लावलं तरी फार तर आणखी एक पावसाळा निघेल.

आधी पत्रा. तुम्ही दिलेली मापं: रुंदी २५० मिमी, कंसांमधलं (बोर्डाला चॅसिसशी धरणाऱ्या आधारांमधलं) अंतर ९०० मिमी, कड खाली २० मिमी वळवलेली, पत्रा १.२ मिमी. या आकाराचा सेक्शन मॉड्युलस (वाकण्याला विरोध करण्याची आकाराची क्षमता) जेमतेम ०.३ घन सेंमी येतो. ७५ किलोचा माणूस मधोमध नुसता उभा राहिला तरी खालच्या कडेवर ताण ५५० न्यूटन प्रति चौरस मिमीच्या घरात जातो. साध्या सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याची कायमचं न वाकता ताण सोसण्याची हद्द २५० च्या आसपास असते. म्हणजे तुमचा बोर्ड लवचिकपणे दबत नव्हता, दर वेळी थोडा कायमचा वाकत होता. पत्रा वाकला की त्याला चिकटलेलं रबर सरळ राहू पाहतं आणि टोकाशी सोलपटासारखं उचललं जातं. चिकटवलेला सांधा सरकत्या ओढीला भरपूर दम देतो, पण सोलून काढणाऱ्या ओढीपुढे तो फार दुबळा असतो.

नव्या बोर्डासाठी भार असा धरा: १०० किलोचा माणूस, आणि तो धाडकन पाय टाकतो म्हणून दुप्पट, म्हणजे साधारण २००० न्यूटन. ताण १२५ च्या आत ठेवायचा तर ९०० मिमीच्या गाळ्याला (दोन कंसांमधल्या अंतराला) ३.५ घन सेंमी सेक्शन मॉड्युलस लागतो. १६ गेजचा, म्हणजे १.६ मिमीचा पत्रा घेऊन कड ३० मिमी खाली वळवली तरी ०.९ च्या खालीच राहता. बरेच जण इथे १४ गेज घेतात आणि वजन वाढवून बसतात. त्याची गरज नाही. मधे आणखी एक कंस द्या, गाळा ४५० मिमीचा झाला की गरज निम्मी होते, साधारण १.८. मग बाहेरच्या कडेच्या आत, खालून २५×२५×२ मिमीची एक चौकोनी नळी पूर्ण लांबीभर वेल्ड करा. ती एकटी १.३ देते, बाहेरची वळवलेली कड आणि जवळचा पत्रा उरलेलं भागवतात. नळी बाहेरच्याच कडेला हवी. गाडीत चढणारा माणूस पाय बाहेरच्या अर्ध्या भागावर टाकतो, बॉडीला चिकटून कोणी टाकत नाही.

कंस जुनेच वापरणार असाल तर चॅसिसशी जिथे ते मिळतात तिथला रंग तारेच्या ब्रशने पूर्ण काढा आणि भिंगातून पाहा. चीर पडली असेल तर ती त्या मुळाशीच, वरच्या बाजूने सुरू होते. नवा करायचा झाला तर चॅसिसपासून ३० सेंमी बाहेर पडणाऱ्या हातासाठी ५०×१२ मिमीची पट्टी उभी वापरा. तीच पट्टी आडवी लावली तर ताकद चौथ्या हिश्शावर येते.

वेल्डिंग एकदम ओढू नका. ०.८ मिमी तारेचं मिग वेल्डिंग, २० मिमीचे टाके, दर १०० मिमीवर, एक या टोकाला तर पुढचा त्या टोकाला. नाहीतर १५०० मिमीचा पत्रा केळीच्या पानासारखा वळतो. मडगार्ड आणि कंसांना धरणारे सगळे बोल्ट याच वेळी वरून घालून, डोकं पत्र्याच्या पातळीत आणून खालून टाक्यांनी पक्के करा. वरून छिद्र पाडून, रबरातून बोल्ट खाली काढण्याची चूक करू नका. ते प्रत्येक छिद्र म्हणजे पाण्याला दिलेलं दार आहे. आणि रबर बसल्यावर बोर्डावर वेल्डिंग नाही, एक टाकासुद्धा नाही.

आता कड. जुने बोर्ड कुठेही मोडीत पाहा. मधलं रबर बहुधा शाबूत असतं, कडेलगतची दोन बोटं फुगलेली असतात. पाणी कडेखालच्या बारीक फटीतून केशाकर्षणाने आत ओढलं जातं, तिथे वाळत नाही, गंज सुरू होतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असतं, त्यामुळे तो रबर वर उचलतो, फट मोठी होते, आणखी पाणी शिरतं. कोकणात किंवा मुंबईत हवेतलं मीठही यात सामील होतं.

दुसरी गोष्ट ओझोनची. नैसर्गिक रबर आणि एसबीआर (एक कृत्रिम रबर) हवेतल्या ओझोन वायूने तडकतं, पण ताणलेलं असेल तिथेच. कडेवरून खाली ओढून वळवलेलं रबर कायम ताणलेलं राहतं. म्हणून जुन्या बोर्डांवर कडेला समांतर तडे दिसतात आणि सपाट भागावर नसतात. यासाठी पत्र्याच्या वळणाला बाहेरून किमान ६ मिमीची गोलाई ठेवा, ९० अंशाची धार नको. रबर ओढून बसवू नका, सैल टेकवून दाबा. ते कडेखाली १५ मिमी तरी आत वळवा आणि त्याचं टोक खालून स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीने चापून धरा, दर १५० मिमीला एक स्क्रू. स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियम साध्या लोखंडाला थेट टेकलं की पावसात लोखंडाचं किंवा ॲल्युमिनियमचं नुकसान ठरलेलं, म्हणून मधे नायलॉनचं वॉशर आणि पॉलियुरेथेन सीलंटचा थर हवा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लावू नका. वाळताना त्यातून सुटणारं अ‍ॅसिटिक आम्ल पत्रा खातं.

मूळ प्रश्नाकडे येतो. साच्यात व्हल्कनाइझ करणं उत्तम, पण दीड मीटरचा साचा आणि तेवढा प्रेस एका जोडीसाठी परवडत नाही. मधला मार्ग आहे आणि तो मला सगळ्यात पटतो. टायरचं प्रीक्युअर रिट्रेडिंग कसं होतं ते तुम्ही पाहिलं असेल: तयार नक्षीची पट्टी, खाली कच्च्या कुशन गमचा (जोडणाऱ्या कच्च्या रबराचा) पातळ थर, आणि चेंबरमध्ये दाब व उष्णता. तेच पत्र्यावर करता येतं. केमिकलच्या टाक्यांना आतून रबर लायनिंग करणाऱ्या कारखान्यांकडे ब्लास्टिंग, बाँडिंग एजंट आणि ऑटोक्लेव्ह (दाबाखाली वाफेने तापवणारी टाकी) तिन्ही एका छपराखाली असतात. एमआयडीसीत अशा लायनिंगवाल्याला गाठा. मोटारीच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात हे काम होणार नाही.

त्यांच्याकडून काम असं करून घ्या. पत्रा सगळ्या वाकवणी आणि वेल्डिंगनंतर एसए २.५ दर्जापर्यंत (जवळजवळ पूर्ण उघड्या, स्वच्छ धातूपर्यंत) ब्लास्ट. त्यानंतर उघड्या हाताने स्पर्श नाही, आणि त्याच दिवशी प्रायमर. पावसाळ्यात तर तासाभरात, कारण ब्लास्ट केलेला पत्रा दमट हवेत डोळ्यांदेखत तांबूस होतो. केमलॉक या रबर-धातू जोडणाऱ्या रसायनाचा २०५ नंबरचा प्रायमर, वाळल्यावर २२० चा थर. त्यावर १ मिमी कुशन गम, मग पाठीमागून बफ केलेली (घासून खरखरीत केलेली) धारीदार शीट, मधून बाहेरच्या बाजूला रोलर फिरवत, हवा कोंडू न देता. तापमान आणि वेळ गमच्या कंपाउंडवर ठरतात, ते लायनिंगवाल्याच्या हवाली करा. शीट मात्र नैसर्गिक रबराची किंवा एसबीआरचीच आणा. ईपीडीएम या दुसऱ्या कृत्रिम रबराची मॅट ऊन आणि ओझोनला फार चांगली टिकते, पण या गमला ती धरत नाही, आणि निओप्रीनच्या (तेही एक कृत्रिम रबर) सोल्युशनलाही नीट धरत नाही. तुमची गेल्या वर्षीची मॅट ईपीडीएमची असावी असा माझा कयास आहे. सोल्युशन सगळं पत्र्यावर राहिलं आणि मॅटची पाठ स्वच्छ निघाली असेल, तर तेच झालंय.

बोर्डाबरोबर त्याच पत्र्याचा हातभर तुकडा त्याच पद्धतीने करायला सांगा. त्यावर २५ मिमी रुंदीची पट्टी ब्लेडने कापा, टोक पक्कडीत धरा आणि ९० अंशात वर ओढा. रबर मधेच फाटलं आणि पत्र्यावर काळा थर राहिला तर काम चोख. पत्रा चकाकताना दिसला तर ब्लास्टिंग किंवा प्रायमरमध्ये गडबड आहे, बोर्ड ताब्यात घेऊ नका.

पत्रा ९० अंशात वळवण्याआधी सपाट असताना रबर बसवू का, असंही तुम्ही विचारलंत. नको. थंड होताना रबर पत्र्यापेक्षा जास्त आकसतं आणि सपाट पत्रा रबराच्या बाजूला काही मिमी वाटीसारखा होतो. वळवलेल्या कडांमुळे हा बाक जवळजवळ येत नाही. शिवाय रबर बसल्यावर प्रेस ब्रेकखाली (पत्रा वाकवणाऱ्या यंत्राखाली) घातलं तर कडेवर ते ताणलं जातं, आणि वर सांगितलेले तडे तिथेच येतात.

चिकटवायचंच असेल तर निओप्रीनची शीट घ्या. पाठ ८० नंबरच्या पेपरने घासून टोल्युइनने पुसा, दोन्ही बाजूंना दोन-दोन हात सोल्युशन, बोटाला चिकटेनासं झालं की जोडा, रोलर मारा, चोवीस तास हात लावू नका. जुलै-ऑगस्टमध्ये हे काम करू नका. सोल्युशनमधला द्रव उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं दव त्यावर बसतं आणि पांढुरकी साय धरते. ती दिसली की तो थर वाया गेला, खरवडून पुन्हा.

फोक्सवॅगन बीटलमध्ये रबर चढवलेले बोर्ड २००३ साली मेक्सिकोत शेवटची गाडी निघेपर्यंत होतेच. म्हणजे पत्र्यावर रबर चढवण्याची पद्धत मुळात चुकीची नाही. पण तिथे पत्रा कडक दाबलेला, बाहेरच्या कडेला चकचकीत पट्टी, आणि बोर्ड आतल्या बाजूने सिलला (दाराखालच्या बॉडीच्या पोकळ पट्टीला) ठिकठिकाणी बोल्टने धरलेला. (बीटलवाल्यांसाठी: ते बोल्ट सिलमधल्या बंदिस्त नटांत जातात आणि जाम होतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडा, नाहीतर नट आतल्या आत फिरायला लागतो.)

नक्षीबद्दल. जुन्या बोर्डांच्या धारी बहुतेक लांबीच्या दिशेने असतात, आणि त्याला कारण आहे. चढता-उतरताना पाऊल आडवं सरकतं, पुढेमागे नाही, आणि आडव्या सरकण्याला लांबीची धारच अडवते. धार ३ मिमी उंच, ४ रुंद, मधली जागा ४ ते ५. जागा ३ च्या खाली गेली की चिखल घट्ट बसतो आणि बोर्ड गुळगुळीत होतो. खालचा सपाट थर किमान २ मिमी, कठीणपणा ६० ते ७० शोअर ए (रबराची कठीणता मोजण्याचं माप). मात्र लांबीच्या धारी पाणी अडवतात. म्हणून बोर्ड बाहेरच्या बाजूला १ अंश उतरता बसवा, २५० मिमीत साधारण ४ मिमी, आणि धारी दोन्ही टोकांच्या १० मिमी आधी थांबवा. बाहेरची शोभेची पट्टी धारींमधल्या तळापेक्षा वर येता कामा नये, नाहीतर तुम्ही स्वतःच बांध घातलात. नमुना मूळ बोर्डाचा जपा. जुलै २०२१ मध्ये आलेल्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांत ५० वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात राखलेली असावी अशी अट आहे. ती चॅसिस, बॉडी शेल आणि इंजिनाबद्दल बोलते हे खरं, पण पारख करणाऱ्याची नजर दारापाशी गेल्यावर आधी बोर्डावरच पडते. जुन्या रबराचा तळहाताएवढा धड तुकडा जपून ठेवा आणि मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला शीट शोधताना तो सोबत न्या, फोटोवरून धारीचं माप कळत नाही.

खालची बाजू: झिंक-रिच इपॉक्सी प्रायमर, वर अंडरकोट. नळीला दर गाळ्यात खालून ८ मिमीचं एक भोक, आणि अंडरकोट मारताना त्यात काडी घालून ठेवा, ती भोकं बुजणं ही नेहमीची चूक आहे. हॉट डिप गॅल्व्हनायझिंगचा सल्ला कोणी दिला तर घेऊ नका, साडेचारशे अंशांच्या जस्तात १.६ चा पत्रा पिळवटतो.

बसवताना मडगार्ड आणि बोर्ड यांच्यामधे ३ मिमी रबराचं पॅकिंग, मडगार्डच्या बाजूला लांबट भोकं, एम८ चे बोल्ट आणि नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले, सहज न सुटणारे) नट. बॉडी आणि मडगार्ड वेगवेगळे हलतात, म्हणून पॅकिंग पूर्ण चेपेपर्यंत आवळू नका, ते कडेने किंचित फुगलं की थांबा. कंसांकडचे नट मात्र २२ ते २५ न्यूटन-मीटरला. ५०० किमीनंतर एकदा सगळे तपासा, नवं पॅकिंग बसतं आणि नट सैल पडतात.

त्यानंतर दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एका नाण्याने बोर्डाच्या कडेकडेने ठोकत जा. धरलेलं रबर भरीव, बसका आवाज देतं, सुटलेलं पोकळ वाजतं. पोकळ जागा दोन बोटांएवढी असतानाच सापडली तर कड उचलून, वाळवून, सीलंट भरून काम भागतं. आणि टायर पॉलिश बोर्डावर अजिबात नको. त्यातली तेलं रबराला मानवत नाहीत, आणि ओल्या चपलेखाली तो बोर्ड साबणासारखा निसरडा होतो.