ओकावांगोचं पहिलं मॉडेल करताना

पुराच्या पाण्याचं संगणकी मॉडेल करताना बोट्स्वानातल्या ओकावांगो नदीचा पूर्ण त्रिभुज प्रदेश एकदम घेऊ नका. आधी मोहेम्बोखालचा, म्हणजे नदी बोट्स्वानात शिरते तिथला, चिंचोळा पट्टा घ्या. हेक-रास (HEC-RAS) हे नदीप्रवाहाचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे.

सगळ्यात जास्त वेळ उंचीच्या नकाशावर घालवा. एसआरटीएममध्ये (अवकाशयानातल्या रडारने मोजलेल्या उंच्यांमध्ये) जमिनीऐवजी बऱ्याच ठिकाणी पपायरस या उंच पाणगवताचे शेंडे मोजले जातात. इथे उतार किलोमीटरला फूटभरही नाही, म्हणून दोन मीटरची चूकही पाणी भलतीकडे वळवते.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- बाष्पीभवन विसरणं. आलेलं बहुतेक पाणी हवेतच जातं!
- कोरड्या वाळूपासून सुरुवात. पहिला पूर जमीनच पिते. म्हणून मॉडेल सुरुवातीची दोन-तीन वर्षं नुसतं चालवा आणि ते निकाल टाकून द्या.

मॅनिंगचा एन (प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचा, खडबडीतपणाचा आकडा) पात्राला ०.०३, पपायरसला ०.१ धरून निघा. पुढे त्रिभुज प्रदेशाच्या खालच्या टोकाच्या माउन गावापर्यंत मॉडेल नेलंत आणि पूर महिन्यांऐवजी आठवड्यात पोचला, तर एन फुगवू नका. आधी जिरणारं पाणी तपासा.