एस्प्रेसो मशीन घेताना : बोअरचं पाणी, डीपीचं व्होल्टेज आणि ग्राइंडर

घरच्या एस्प्रेसो मशीनबद्दल खान्देशातून बरीच पत्रं आली आहेत. सारख्या प्रश्नांची उत्तरं एकत्र केली आहेत.

प्रश्न : घरात आम्ही दोघंच, दोघांनाही सकाळी कपुचिनो लागते. बजेट 40 हजार. एका दुकानात 15 बारचं मशीन दाखवलं, दुसऱ्यात 20 बारचं. 20 बारवाल्याला आठ हजार जास्त द्यावेत का? (जळगाव)

बारच्या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. एस्प्रेसोला कॉफीच्या थरावर साधारण 9 बार दाब पुरतो. खोक्यावरचा 15 किंवा 20 हा पंपाचा कमाल दाब असतो, म्हणजे पुढची वाट पूर्ण बंद केली तर पंप कुठवर जाईल तो आकडा. कॉफी गाळताना प्रत्यक्ष दाब किती बसतो हे दळण किती बारीक आहे आणि जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह कुठे लावला आहे, यावर ठरतं. 20 बारच्या पंपातून जाडसर दळलेली कॉफी गाळली तर तीन-चार बारही बसत नाहीत.

दुकानात विचारण्यासारखे प्रश्न वेगळेच आहेत. बास्केट (कॉफीची पूड भरायची जाळीची वाटी) किती मिलिमीटरची आहे? 58 मिमीची असेल तर टॅम्पर (कॉफी दाबायचा दट्ट्या), बास्केट, रबर गॅस्केट असे सुटे भाग सगळीकडे मिळतात. 54 आणि 51 मिमीचेही मिळतात, पण निवड कमी. सोबतची बास्केट एकेरी तळाची आहे की दुहेरी? दुहेरी तळाच्या बास्केटला खाली सुईएवढं एकच छिद्र असतं आणि दाब ते छिद्र तयार करतं. त्यामुळे दळण कसंही असलं तरी वर जाड फेस दिसतो. तयार पूड वापरणाऱ्यांची त्यात सोय होते, पण चवीला तिथेच मर्यादा पडते. एकेरी तळाची बास्केट सोबत नसेल तर ती त्या मॉडेलला वेगळी मिळते का, हे आधी पाहून घ्या.

आता पैशांची वाटणी. चाळीसपैकी पस्तीस हजार मशीनवर घालून घरातल्या मिक्सरवर कॉफी दळायची, ही सर्रास होणारी चूक आहे. मिक्सरचं पातं बिया तोडतं, दळत नाही. भुकटी आणि कणी एकत्र येतात, पाणी कणीतून वाट काढतं, आणि एकाच कपात आंबट नि कडू दोन्ही चवी उतरतात. तेव्हा चांगल्या स्टीलच्या बरचा (बर म्हणजे बिया दळणारे दातेरी भाग), बारीक टप्प्यांनी फिरणारा हात-ग्राइंडर घ्या. त्यासाठी 12 ते 15 हजार बाजूला काढा. 18 ग्रॅम बिया हातानं दळायला मिनिट-दीड मिनिट लागतं, दोन कपांना तेवढं चालतं. 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा दीड-दोन हजारांत येतो, तोही घ्याच. उरलेल्या पैशांत थर्मोब्लॉकचं, म्हणजे पाणी वाहता वाहताच तापवणारं, साधं मशीन बसतं. डेलाँगी डेडिका हे त्यातलं ओळखीचं नाव. त्याची बास्केट 51 मिमीची आहे आणि ती दुहेरी तळाची येते, म्हणून एकेरी वेगळी घ्यावी लागते.

थांबायची तयारी असेल तर ग्राइंडर आणि काटा आत्ता घ्या, तोवर मोका पॉटवर (गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं) भागवा, आणि पैसे साठवून गाजिया क्लासिक किंवा रान्चिलिओ सिल्व्हियाच्या वर्गातलं मशीन घ्या. दोन्हींची बास्केट 58 मिमीची, दोन्ही स्क्रूनं उघडतात. थर्मोस्टॅट, पंप, गॅस्केट असे भाग कुरियरनं मागवले तर गिझर दुरुस्त करणारा हुशार कारागीर ते बसवू शकतो. जळगावात बसून विचार करताना हा मुद्दा मोठा आहे, कारण सर्व्हिस सेंटर बहुधा मुंबई-पुण्यातच असतं आणि तिथपर्यंत एवढं जड मशीन पॅक करून पाठवणं कटकटीचं असतं. गाजियाचा बॉयलर मात्र लहान, सुमारे 100 मिलीचा. वाफ एका कपाच्या दुधाला सहज पुरते, दोन कपांच्या दुधाला धाप लागते. सिल्व्हियाचा बॉयलर 300 मिलीचा आहे. दोन बॉयलरची मशीनं दोघांसाठी आम्ही सुचवणार नाही.

प्रश्न : आमच्याकडे केळीबागांच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज 180 पर्यंत उतरतं. लाइट जाते ते वेगळंच. इन्व्हर्टरवर मशीन चालेल का? (यावल तालुका)

इन्व्हर्टरवर नाही चालणार. ही मशीनं बहुतेक 1300 ते 1600 वॉटची असतात. घरगुती 900 व्हीएचा इन्व्हर्टर 700 वॉटच्या आसपास भार उचलतो. शिवाय चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर व्हायब्रेशन पंप गरम होतो आणि कुरकुरतो.

व्होल्टेजचा हिशेब असा. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. 230 व्होल्टवर 1350 वॉट देणारा हीटर 180 व्होल्टवर 61 टक्के, म्हणजे सव्वाआठशे वॉटच देतो. थर्मोब्लॉकच्या मशीनला हे जास्त जाचतं, कारण तिथे पाणी वाहता वाहताच तापवायचं असतं. ते कमी तापतं आणि कॉफी आंबट, पाणचट उतरते. बॉयलरच्या मशीनमध्ये उष्णता साठलेली असते, म्हणून ते तापायला वेळ घेतं पण पहिला कप नीट देतं. वाफ मात्र दोन्हीकडे मरगळते. पंपही कमी व्होल्टेजवर दाब धरत नाही.

स्टॅबिलायझर घ्यायचा तर 3 केव्हीएचा घ्या, आणि तो किती व्होल्टपर्यंत काम करतो ते पाटीवर वाचा. 170 पासून चालणारा तुमच्याकडे काठावर पडेल, 130-140 पासून चालणारा हवा. मशीन 16 ॲम्पिअरच्या पॉवर सॉकेटवरच लावा, एक्स्टेंशन बोर्डवर नको. आणि अर्थिंग तपासून घ्या. धातूच्या अंगाचं, पाण्याचं, वाफेचं यंत्र आहे. बोट लावल्यावर मुंग्या आल्या तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत मशीन बंद.

खरं विचाराल तर तुमच्या गावी आम्ही हाताच्या लिव्हरचं मशीन घेऊ. फ्लेअर किंवा कॅफेलॅट रोबोट. पाणी गॅसवर उकळायचं, लिव्हर हातानं दाबायची, 9 बारपर्यंत दाब आरामात येतो. त्यात ना पंप आहे ना हीटर, त्यामुळे बिघडायला रबरी रिंगांशिवाय फारसं काही नाही. फ्लेअरचा ब्रू भाग आधी गरम पाण्यानं तापवून घ्यावा लागतो, रोबोटला ती गरज जवळजवळ नाही. दुधाचा फेस करायला वाफ मिळत नाही, एवढीच उणीव. दूध 60-65 अंशांवर तापवून फ्रेंच प्रेसमध्ये (दांड्याला जाळी असलेलं कॉफीचं भांडं) दांडा वीस-पंचवीस वेळा खालीवर केला की चांगला बारीक फेस येतो.

प्रश्न : बोअरचं पाणी, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) 600. आधीच्या मशीनमधून पाणी येणंच बंद झालं. आता आरओचं पाणी वापरावं का? आमच्या आरओचा टीडीएस 20 येतो. (धुळे)

बोअरचं पाणी तर नकोच. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार तापल्यावर बाहेर पडतात आणि आत थर धरतात. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर दिसतो तोच इथे दोन मिलिमीटरच्या नळीत बसतो. आधी प्रवाह बारीक होतो, मग वाफेची नळी बंद पडते, शेवटी पंप आवाज करतो पण पाणी येत नाही.

पण 20 टीडीएसचं कोरं पाणीही बरोबर नाही. त्यात आम्ल थोपवणारा बायकार्बोनेट नसतो, म्हणून कॉफी टोकदार आंबट लागते आणि धातू हळूहळू खाल्ला जातो. मोठ्या मशीनमध्ये बॉयलरची पातळी ओळखणारी सळई पाण्याच्या विद्युतवाहकतेवर चालते. कोऱ्या पाण्यात तिला पाणी ‘दिसत’ नाही आणि बॉयलर भरतच राहतो.

बोअर आणि आरओ मिसळून टीडीएस 150 वर आणा, असा सल्ला बरेच जण देतात. एक भाग बोअर, चार भाग आरओ घेतलं तर तुमचा आकडा 136 येईल. पण टीडीएस मीटर फक्त क्षार किती ते सांगतो, कोणते ते सांगत नाही. पाणी मचूळ असेल तर त्यात क्लोराइड जास्त असतो आणि तो स्टीललाही गंजवतो. म्हणून आमची पसंती पुढच्या पद्धतीला.

1 लिटर आरओच्या पाण्यात 8.4 ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवून बाटली फ्रिजमध्ये ठेवा. मशीनसाठी दर लिटर आरओच्या पाण्याला या द्रावणाचे 10 मिली घाला. लिटरमागे 84 मिलिग्रॅम सोडा पडतो आणि क्षारता सुमारे 50 पीपीएमनं वाढते. कॅल्शियम जवळजवळ नसल्यानं थर धरत नाही, डीस्केलिंगची (आतला थर काढण्याची) भानगड बरीच टळते. 20 लिटरच्या जारला 200 मिली द्रावण लागेल, पण विकतच्या जारचा टीडीएस आधी मोजा, दर जारला तो सारखा असेलच असं नाही. सोडा खाण्याचाच हवा. बेकिंग पावडर नको, धुण्याचा सोडा तर मुळीच नको.

आधीचं मशीन टाकू नका. थोडं तरी पाणी येत असेल तर लिटरभर कोमट पाण्यात 25 ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा, तिसरा हिस्सा ग्रुपमधून (जिथून कॉफीवर पाणी पडतं तो भाग) आणि तिसरा वाफेच्या नळीतून सोडा, 20 मिनिटं मशीन बंद ठेवा, मग उरलेलं द्रावणही तसंच काढून टाका. शेवटी दोन लिटर साधं पाणी. व्हिनेगर नको, त्याचा वास रबरात राहतो. प्रवाह पूर्ण बंद असेल तर मात्र उघडूनच साफ करावं लागेल, कारण सुटलेल्या खपल्या पुढच्या बारीक छिद्रात जाऊन अडकतात.

प्रश्न : मला लग्नात मिळते तशी फेसाळ एस्प्रेसो कॉफी हवी. कोणतं मशीन घेऊ? (भुसावळ)

मग महागाच्या मशीनच्या नादी लागूच नका. लग्नातल्या मशीनमध्ये फक्त वाफेचा बॉयलर असतो. जगमध्ये इन्स्टंट कॉफी, साखर आणि दूध घालून त्यात वाफ सोडतात, वर कोको किंवा कॉफी भुरभुरतात. घरी दोन कपांसाठी दोन चमचे इन्स्टंट कॉफी, तीन चमचे साखर आणि दोन चमचे पाणी रंग फिका होईपर्यंत फेटा, वरून गरम दूध उंचावरून ओता. वाफच हवी असेल तर पंप नसलेलं, वाफेवर चालणारं स्वस्त मशीन या कामाला पुरे. खऱ्या एस्प्रेसोला आम्ही ते कधी सुचवत नाही, कारण त्यात उकळतं पाणी कमी दाबानं कॉफीतून जातं आणि कॉफी जळकी लागते.

इन्स्टंट पावडर मशीनच्या बास्केटमध्ये कधीही घालू नका, ती विरघळून जाळीत आणि व्हॉल्व्हमध्ये चिकटते. चिकोरी मिसळलेली दाक्षिणात्य फिल्टर कॉफीही नको. चिकोरी फुगून चिकट होते आणि गाळणं तुंबतं.

प्रश्न : मशीन आणलं, कॉफी दहा सेकंदांत धो धो येते आणि आंबट लागते. मशीन खराब आहे का? (चाळीसगाव)

मशीन बहुधा ठीक असेल, दळण जाड आहे. 58 मिमीच्या बास्केटमध्ये 18 ग्रॅम कॉफी आणि कपात 36 ग्रॅम द्रव, पंप सुरू केल्यापासून 25 ते 30 सेकंदांत, हे धरून चाला. 51 मिमीच्या बास्केटला 14 ते 16 ग्रॅम आणि त्याच्या दुप्पट.

पोर्टाफिल्टर (बास्केट बसते ती मूठ) लावून ठेवूनच मशीन तापवा. बॉयलरच्या मशीनला 15-20 मिनिटं द्या, थर्मोब्लॉकच्या मशीनमधून एक कप कोरं गरम पाणी काढून टाका. कॉफी बास्केटमध्ये बारीक सुईनं ढवळून गाठी मोडा, वरून सपाट करा, टॅम्पर सरळ धरून एकदा घट्ट दाबा. जोर किती लावता यापेक्षा टॅम्पर तिरका होत नाही ना, हे महत्त्वाचं. तिरका झाला की पाणी एका बाजूनं पळतं.

मग वजन तेच ठेवून फक्त दळण बदला. एका वेळी ग्राइंडर एक-दोन टप्पे बारीक करा. थेंबथेंब येऊन 40 सेकंद लागले तर परत एक टप्पा जाड. वजन, दळण आणि दाब तिन्ही एकदम बदलले तर काय सुधारलं ते कळणार नाही. एवढं करूनही पंधरा सेकंदांच्या आत कप भरत असेल तर पाकिटावरची भाजल्याची तारीख पाहा. महिन्या-दोन महिन्यांपूर्वी दळलेली पूड असेल तर ती पाण्याला नीट अडवणार नाही. अख्ख्या बिया भाजल्यापासून आठवड्यानं वापरायला घ्या आणि पुढच्या महिनाभरात संपवा.

प्रश्न : मुलगा अमेरिकेतून मशीन आणतो म्हणतो. (अमळनेर)

नको म्हणा. तिथलं मशीन 120 व्होल्ट, 60 हर्ट्झचं. ट्रान्सफॉर्मर लावायचा तर तो किमान 2000 व्हीएचा, वजनी आणि महाग, आणि त्यानं व्होल्टेज उतरतं, हर्ट्झ बदलत नाही. पंप ढिला चालतो. वॉरंटी तिकडेच राहते. त्याला हात-ग्राइंडर आणायला सांगा, त्याला वीजच लागत नाही.

प्रश्न : मे महिन्यात दुधाचा फेस बसतो, कधी दूध फाटतं. बियांचं काय करायचं? (शिरपूर)

दूध आणि जग दोन्ही फ्रिजमधून थेट काढा. 4 अंशांवरचं दूध 60 पर्यंत जायला जो वेळ मिळतो, तोच फेस बारीक करायला लागतो. ओट्यावर 30 अंशांवर आलेलं दूध निम्म्या वेळातच तापून जातं, मग मोठे बुडबुडे राहतात. 65 च्या वर नेऊ नका, गोडवा जातो. टोन्ड दुधाचा (3 टक्के फॅट) फेस सोपा, फुल क्रीमचा (6 टक्के) जड आणि गोड. रतीबाचं दूध उकळून गार केलं असेल तर साय गाळूनच घ्या, नाहीतर ती वाफेच्या टोकात अडकते. दूध फाटतं ते बहुतेक आदल्या दिवसाचं, आंबायला लागलेलं असतं. कॉफीचं आम्ल त्याला शेवटचा धक्का देतं.

वाफ झाल्यावर नळी लगेच ओल्या फडक्यानं पुसा आणि दोन सेकंद वाफ सोडा. एकाच बॉयलरचं मशीन असेल तर वाफेनंतर ग्रुपमधून पाणी सोडून बॉयलर पुन्हा भरून घ्या. रिकाम्या बॉयलरमध्ये हीटर जळण्याची शक्यता असते.

बिया फ्रिजवर किंवा गॅसशेजारी ठेवू नका. आठवड्याच्या मापाच्या घट्ट पुड्या करून फ्रीजरमध्ये ठेवा. एक पुडी काढली की बंद असतानाच तिला खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. गार बियांवर दमट हवेचं पाणी धरतं, म्हणून उघडलेली पुडी परत फ्रीजरमध्ये टाकू नका.