वाचकांचे प्रश्न : मिसेस मूरपलीकडच्या पेगी ॲशक्रॉफ्ट

प्रश्न : पणजीत मित्रांसमवेत ‘अ पॅसेज टू इंडिया’ हा चित्रपट पाहिला. त्यात मिसेस मूर ही भारतात आलेली वृद्ध इंग्रज स्त्री साकारणाऱ्या पेगी ॲशक्रॉफ्ट यांचे काम मनात घर करून राहिले. त्यांचे आणखी चित्रपट शोधू गेलो, तर हाती फारसे काही लागले नाही. त्या उतारवयातच अभिनयाकडे वळल्या होत्या काय?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही. या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले तेव्हा, म्हणजे १९८५ च्या मार्चमध्ये, त्या ७७ वर्षांच्या होत्या आणि तोवर रंगभूमीवर त्यांची पन्नासहून अधिक वर्षे गेली होती. १९३० साली लंडनच्या सॅव्हॉय थिएटरमध्ये पॉल रोबसन या कृष्णवर्णीय अमेरिकी कलावंताच्या ऑथेल्लोसमोर त्या शेक्सपिअरच्या त्याच नावाच्या नाटकातील त्याची पत्नी डेस्डिमोना म्हणून उभ्या राहिल्या. १९३५ साली त्यांनी ज्युलिएट केली. त्या प्रयोगांत जॉन गिलगुड आणि लॉरेन्स ऑलिव्हिए हे दोघे नट रोमिओ आणि त्याचा मित्र मर्क्यूशिओ या भूमिका आलटूनपालटून करीत असत, त्यामुळे एकाच ज्युलिएटला दोन निराळ्या स्वभावांचे रोमिओ सांभाळावे लागत.

त्याच वर्षी हिचकॉकच्या ‘द थर्टीनाइन स्टेप्स’मध्ये त्या दिसल्या. पोलिसांचा ससेमिरा चुकवीत स्कॉटलंडच्या माळरानात पोहोचलेला नायक एका शेतकऱ्याच्या घरी रात्रीपुरता आसरा मागतो. त्या घरातील तरुण बायको मूळची ग्लासगोची, आणि नवरा वयाने मोठा, कर्मठ व संशयी. पाहुण्याला ती शहरातल्या दुकानांविषयी विचारते, तेवढ्यातच तिच्या संसाराची सगळी कोंडी आपल्याला उमगते. पोलीस दाराशी येताच ती नवऱ्याचा कोट नायकाच्या अंगावर चढवून त्याला पिटाळते. पुढे त्याच कोटाच्या खिशातील प्रार्थनागीतांचे पुस्तक गोळी अडवते. जेमतेम काही मिनिटांची ही भूमिका आहे, पण आपण ती अवश्य पाहावी. माझ्या मते त्या चित्रपटातील सर्वांत खरे माणूस तेच आहे.

यानंतर ‘द नन्स स्टोरी’ (१९५९) आणि ‘संडे ब्लडी संडे’ (१९७१) यांसारखे मोजकेच चित्रपट आढळतात. नाटकाच्या संस्थेशी बांधून घेणे त्यांना पटत होते. १९६० मध्ये दिग्दर्शक पीटर हॉल यांनी शेक्सपिअरच्या जन्मगावी, स्ट्रॅटफर्डला, कायमस्वरूपी नटसंच उभारायला घेतला, तेव्हा त्यात सर्वप्रथम सामील होणाऱ्या नामवंतांत त्या होत्या. तो संच पुढे रॉयल शेक्सपिअर कंपनी म्हणून ओळखला जाऊ लागला. मिसेस मूरच्या कामात जो संयम आपणांस भावला, तो या तालमींतला आहे. मशिदीतील प्रसंग पुन्हा पाहावा. अझीझ हा भारतीय डॉक्टर त्यांच्यावर खेकसतो आणि त्या पादत्राणे बाहेर काढूनच आत आल्याचे सांगतात, तेव्हा आवाजात ना अजिजी असते ना तोरा. गुंफेतून घाबरून बाहेर आल्यावर तर त्या जवळजवळ काहीच करीत नाहीत. खुर्चीवर बसलेली थकलेली बाई केवळ दिसते, आणि तरीही तिच्या आतले काहीतरी विझल्याचे प्रेक्षकाला कळते.

प्रश्न : आमच्या गावच्या देवळातील उत्सवाच्या नाटकात मला एकाच स्त्रीची विशीपासून सत्तरीपर्यंतची भूमिका मिळाली आहे. एखाद्या मोठ्या अभिनेत्रीने असे केल्याचे उदाहरण सांगाल का?
— एक शिक्षिका, डिचोली

उत्तर : योगायोगाने उत्तर याच अभिनेत्रीपाशी सापडते. शेक्सपिअरची ‘हेन्री द सिक्स्थ’ची तीन नाटके आणि ‘रिचर्ड द थर्ड’ यांतून जॉन बार्टन व पीटर हॉल यांनी १९६३ साली ‘द वॉर्स ऑफ द रोझेस’ ही नाट्यत्रयी घडवली. तीत पंचावन्न वर्षांच्या ॲशक्रॉफ्ट यांनी हेन्रीची राणी मार्गारेट केली. ही मार्गारेट प्रथम येते ती फ्रान्समधून पकडलेली कोवळी राजकन्या म्हणून, आणि शेवटी उरते ती शिव्याशाप देत फिरणारी विधवा म्हातारी.

आपल्याकडे वय दाखवायचे म्हटले की रंगभूषाकाराच्या डब्यातील पांढरी पावडर केसांवर पडते, कंबर वाकते आणि आवाज कापू लागतो. उत्सवाच्या रात्री मागच्या रांगेपर्यंत पोहोचायचे असल्याने त्यालाही अगदीच नावे ठेवता येत नाहीत. पण मार्गारेटचे वय वर्षांनी वाढत नाही, घावांनी वाढते, हे नाटककारानेच दाखवून ठेवले आहे. प्रियकर सफोकचे तोडलेले मुंडके ती छातीशी धरते, तिथे तिचे तारुण्य संपते. पुढे शत्रू यॉर्क हाती लागतो तेव्हा त्याच्याच लहान मुलाच्या रक्तात भिजवलेला रुमाल ती त्याला डोळे पुसायला देते आणि त्याच्या डोक्यावर कागदी मुकुट चढवते. त्यानंतर तिच्या डोळ्यांदेखत तिचा स्वतःचा मुलगा मारला जातो. आपल्या संहितेतही अशी वळणे असतीलच. तालमीत आधी ती हेरावीत आणि प्रत्येक वळणानंतर या बाईजवळून नेमके काय गेले, हे ठरवावे. चाल आणि आवाज मागाहून जुळतात. बीबीसीने ही नाट्यत्रयी चित्रित करून १९६५ साली प्रक्षेपित केली होती. ते चित्रण मिळाल्यास रुमालाचा प्रसंग तरी पाहून घ्यावा.

प्रश्न : ‘द ज्युएल इन द क्राउन’ या मालिकेत त्यांची भूमिका कोणती होती? आणि अखेरची भूमिका?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : ग्रॅनाडा टेलिव्हिजनची ही चौदा भागांची मालिका १९८४ च्या आरंभी ब्रिटनमध्ये दाखवली गेली. तीत त्या बार्बी बॅचलर ही निवृत्त मिशनरी शिक्षिका झाल्या आहेत. दुसऱ्याच्या घरी आश्रयाला राहिलेली ही बडबडी, भाबडी बाई, घरमालकीण वारल्यावर बेघर होते आणि शेवटी तिचे भानही सुटते. तिच्या अखंड बोलण्याची त्या कुठेही टिंगल होऊ देत नाहीत, म्हणून मी तिला मिसेस मूरच्याही वर ठेवीन. या कामासाठी त्यांना बाफ्टा हे चित्रपट व दूरचित्रवाणीचे ब्रिटिश पारितोषिक मिळाले.

रंगमंचावर त्या शेवटच्या दिसल्या त्या १९८१ मध्ये सुरू झालेल्या शेक्सपिअरच्या ‘ऑल्स वेल दॅट एन्ड्स वेल’च्या प्रयोगांत, रुसियोंच्या काउंटेसच्या रूपात. त्यानंतर ‘शीज बीन अवे’ या दूरचित्रपटासाठी १९८९ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्यांना व जेराल्डिन जेम्स यांना सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कार विभागून देण्यात आला. आयुष्याची कित्येक दशके मनोरुग्णांच्या एका संस्थेत विनाकारण अडकून पडलेल्या वृद्धेची ती भूमिका होती. १४ जून १९९१ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.